कालिदासाला ॲरिस्टॉटल लावला म्हणून मार्क गेले

पत्र: ताई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजमधे एकांकिका केल्या, बॅकस्टेज केलं, नाटकाच्या वेडापायीच ही लाइन घेतली. आता साहित्यशास्त्राचा पेपर आहे, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही, आणि नाटकाची मजाच गेलीय. परवा एक चांगलं नाटक बघायला गेलो तर मी आपली विभाव (भावना जागवणारं कारण) कुठला, अनुभाव (ती भावना दाखवणारी खूण) कुठला हेच मोजत बसले. शेजारी मैत्रीण रडत होती आणि मला काहीच होईना. त्यात इंटर्नलला मी लिहिलं की ॲरिस्टॉटलच्या हिशोबाने शाकुंतलातली अंगठी हा ओळख पटवायचा कच्चा प्रकार आहे, तर सरांनी ‘कालिदासाला ॲरिस्टॉटल लावू नये’ असा शेरा मारून 20 पैकी 8 दिले. ग्रीक नाटकातल्या राजा ओयदिपौसचा दोष ‘अहंकार’ असं गाइडमधे आहे, मला पटत नाही पण सगळे तेच लिहितात. वर्गातली दोन-तीन मुलं म्हणतात, तू अजून ॲरिस्टॉटलवरच का? घरचे म्हणतात हे सोड आणि स्पर्धा परीक्षेचं बघ. गाइडमधलं लिहू की माझं लिहू?

उत्तर:

अगं, ते 8 मार्क वाचून मला आधी हसू आलं, राग मानू नकोस, कारण पूर्ण पत्रातलं सगळ्यात भारी वाक्य तेच आहे आणि त्यालाच तुझे मार्क गेलेत. अंगठीचं मी शेवटी बोलणार आहे, कारण तिथे तू बरोबर सुरुवात करून अर्ध्यावर थांबलीस असं माझं मत आहे. आधी ते नाटक बघताना काहीच न होण्याचं बघू, मला वाटतं खरी भीती तुला त्याचीच वाटतेय.

तबला किंवा गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचार, ताल नुकता कळायला लागतो तेव्हा काही महिने गाणं ऐकूच येत नाही, नुसत्या मात्रा ऐकू येतात, सम कुठे, खाली कुठे, आणि शेजारचा माणूस मस्त मान डोलवत असतो. ते जातं. तुझंही जाईल. आणि मुळात तुला आठवतंय का की बॅकस्टेज करताना तू हेच करत होतीस? विंगेत उभं राहून लाइटचा क्यू, प्रॉपर्टी, कुणाची एन्ट्री, हे सगळं मोजतच होतीस ना, आणि तरी तालमीत पन्नास वेळा ऐकलेल्या एखाद्या वाक्याला प्रयोगात अचानक घसा दाटायचाच की. भरतमुनी रस, म्हणजे नाटकातून मिळणारा भावनेचा आस्वाद, समजवायला सरळ स्वयंपाकघरात शिरतात, नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात बघ, निरनिराळे मसाले, औषधी, द्रव्यं एकत्र आली की जशी चव तयार होते तसं. आता जेवणारा माणूस फोडणीत मोहरी किती पडली ते मोजत नाही, पण रांधणारीला मोजावीच लागते, आणि रांधणारी काय उपाशी राहते का? तू सध्या दोन्ही कामं एकाच वेळी करायला बघतेयस म्हणून घास लागतोय. प्रयोग चालू असताना वही बंद ठेव, विभाव-अनुभाव घरी जाऊन, झोपायच्या आधी शोध. जे आठवेल तेवढंच खरं असं समज.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी एम.ए.ला होते तेव्हा आमच्या सरांनी वर्षभर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स डिक्टेट केल्या, ॲरिस्टॉटलची व्याख्या, ‘शोकात्मिका म्हणजे गंभीर, स्वयंपूर्ण आणि विशिष्ट परिमाण असलेल्या क्रियेची अनुकृती’, पुढे करुणा, भीती, विरेचन (म्हणजे कॅथार्सिस, त्या भावनांचा निचरा), आणि हे आम्ही पाढ्यासारखं पाठ केलं, नाटक मात्र एकाही बेंचवर कुणी उघडलेलं नव्हतं. विरेचन शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या बाकावरून खसखस पिकली होती, कारण आमच्या डोक्यात तो पंचकर्मातलाच. (गंमत म्हणजे ते हसू अगदीच अडाणी नव्हतं. याकोब बर्नाइस नावाच्या जर्मन विद्वानाने 1857 मधे हेच मांडलं होतं की ॲरिस्टॉटलचा कॅथार्सिस हा वैद्यकातला शब्द आहे, आणि ॲरिस्टॉटलचे वडील मॅसेडोनियाच्या दरबारी वैद्य होते.) तर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, बरोबर लायब्ररीतून आणलेलं पु.लं.नी मराठीत आणलेलं सॉफोक्लिसचं ग्रीक नाटक, राजा ओयदिपौस, होतं, आई मेथी निवडत बसली होती, मी कंटाळून म्हटलं ऐक गं, आणि मोठ्याने वाचायला लागले. आई सातवी शिकलेली, ग्रीस कुठे आहे हे तिला माहीत असायचं कारण नाही. गोष्ट तिला पंधरा मिनिटांत लागली, गावात रोगराई, राजा म्हणतोय आधीच्या राजाचा खुनी शोधून काढतो, एवढं पुरे झालं.

मग तो कोरिंथहून आलेला निरोप्या येतो. तू वाचलं असशीलच, तो खरंतर चांगली बातमी घेऊन आलाय, तुझे वडील वारले, आता तिथलं राज्य तुझं. ओयदिपौसला हायसं वाटतं, म्हणजे बापाला मारशील ही भविष्यवाणी खोटी ठरली, पण आईची भीती अजून आहेच, कारण भविष्यवाणीचा दुसरा भाग तिच्याबद्दल, आईशी लग्न करशील. निरोप्या बिचारा भल्या मनाने म्हणतो, अरे त्याचं काय घेऊन बसलास, ती तुझी आई नव्हेच, तुला मीच आणून दिलं त्यांना, डोंगरावर एका धनगराने माझ्या हातात दिलं होतंस, घोटे टोचलेले होते तुझे. मी वाचत होते आणि आईचे हात थांबले. म्हणाली, “अगं, त्या राणीला कळलं.” मी म्हटलं काय कळलं, अजून तर काहीच सांगितलं नाही. “तिला कळलं गं, ती तिथेच उभी आहे ना? त्याला नाही कळलं अजून.” आणि खरंच पुढच्याच पानावर राणी योकास्ता (त्याची बायको, आणि खरी आईही) गयावया करायला लागते की आता शोधू नकोस, सोड हे सगळं, आणि तो गाढव समजतो की नवरा हलक्या कुळातला निघेल म्हणून हिला लाज वाटतेय. आई म्हणाली, “थांबवा रे त्याला कुणीतरी.” कुणाला म्हणत होती देव जाणे. मेथीची पानं काड्यांच्या ढिगात आणि काड्या पातेल्यात चालल्या होत्या.

मी सुट्टी संपवून परत आले, पहिल्यांदा ॲरिस्टॉटलचं मूळ काव्यशास्त्र उघडलं, म्हणजे विंदांनी केलेलं मराठी, 1957 चं, आणि अकराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल स्थित्यंतराचं, म्हणजे सगळं एकदम उलटं फिरण्याचं, उदाहरण म्हणून नेमका हाच निरोप्या देतो. की हा माणूस ओयदिपौसला खूश करायला आणि आईबद्दलची भीती घालवायला आला, आणि तो कोण हे उघड करून त्याने बरोबर उलटं केलं. मला त्या दिवशी कळलं की ही व्याख्या कुणीतरी नाटक बघून, चक्रावून, घरी येऊन लिहिलेली आहे. आई जिथे थांबली तिथेच हा बुवा थांबला होता.

हे जरा लक्षात ठेव, कारण वर्गात ते उलटं शिकवलं जातं, जणू आधी नियम झाले आणि मग सॉफोक्लिसने त्यात नाटक बसवलं. सॉफोक्लिस गेला इ.स.पू. 406 ला आणि ॲरिस्टॉटल जन्माला आला 384 ला. नाटककाराला या सिद्धांतातलं काडीचंही माहीत नव्हतं. आणि तू एकांकिका केल्यायस म्हणून सांगते, ओयदिपौस ज्या वर्षी अथेन्सच्या स्पर्धेत होतं त्या वर्षी सॉफोक्लिसचा नंबर दुसरा आला, पहिला आला फिलोक्लिस नावाचा एकजण, ज्याचं एकही पूर्ण नाटक आज शिल्लक नाही. परीक्षकांवर चिडायची परंपरा जुनी आहे बाई.

काव्यशास्त्र छोटं आहे, 26 प्रकरणं, त्यावरचं गाइड त्याच्यापेक्षा जाड असतं. वाचताना वर्गातल्या टिपणांसारखं वाटतं, मधेच तुटतं, विनोदी नाटकाबद्दलचा भाग तर पूर्ण हरवलेलाच आहे. आणि ज्या कॅथार्सिसवर दहा-दहा मार्कांचे प्रश्न येतात त्याचं स्पष्टीकरणच त्यात नाही! आपल्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणून ठेवतो की या शब्दाबद्दल काव्यशास्त्रात नीट सांगेन, आणि काव्यशास्त्रात बघावं तर नाही. आपल्याकडेही तेच झालंय बघ. ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’, म्हणजे विभाव, अनुभाव आणि येऊन-जाऊन असणारे व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस होतो, हे रससूत्र तुला झोपेतही येत असेल, त्यात स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच टिकून असलेला भाव, हा शब्द शोधून दाखव. नाही ना? सगळा डोलारा ज्याच्यावर उभा तो स्थायी सूत्रात नाहीच, आणि मग संयोग कशाशी आणि निष्पत्ती म्हणजे नेमकं काय यावर भट्टलोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त हे जुने टीकाकार एकमेकांना खोडत बसले. तू ज्याला ‘चार मतं, प्रत्येकी पाच ओळी’ म्हणून पाठ करतेयस ते खरं म्हणजे एक मस्त कडाकडा भांडण आहे. शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा बघून आपण घोडाच म्हणतो ना, नटाचंही तसंच. त्यावर पुढचे तुटून पडतात. कंगल्यांचं रस-भाव-विचार लायब्ररीत मिळेल, त्यातून हे भांडण म्हणून वाच, पाठ करावं लागणार नाही, भांडणं आपोआप लक्षात राहतात.

आता अहंकार. तुला पटत नाही ते बरोबर आहे, आणि का पटत नाही ते तुला पेपरात मांडता आलं पाहिजे. ॲरिस्टॉटलने तेराव्या प्रकरणात वापरलेला शब्द हमार्शिया, तो ज्या क्रियापदावरून आला त्याचा एक साधा अर्थ नेम चुकणे. बाण दुसरीकडेच लागला. मराठीत प्रमाद म्हणतात ते त्यातल्या त्यात बरं आहे, स्वभावदोष म्हटलं की घोटाळा सुरू होतो. तो तर उलट स्पष्ट सांगतो की हा माणूस दुष्टपणामुळे कोसळत नाही. ओयदिपौसचं बघ ना, बापाला मारशील असं कळल्यावर तो ज्यांना आईबाप समजत होता त्यांच्यापासून लांब पळाला, म्हणजे पाप टाळायलाच पळाला, आणि तीन रस्ते मिळतात तिथे एका म्हाताऱ्याने (तोच आधीचा राजा, याचा खरा बाप) त्याला रथातून फटका मारला म्हणून याने उलट मारलं. तापट आहे, मान्य. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसवर आणि मेहुण्या क्रेऑनवर ओरडतो तेही मान्य. पण ते ओरडणं नाटकात घडतं तेव्हा खून आणि लग्न होऊन कितीतरी वर्षं झालेली, चार मुलं झालेली! म्हणजे ज्याला गाइड ‘दोष’ म्हणतं तो दुर्घटनेच्या नंतरचा आहे. हे एवढं एक वाक्य लिही, तपासणारा थांबून वाचेल.

आणि तू एकटी नाहीस. ई. आर. डॉड्स म्हणून ऑक्सफर्डचे ग्रीकचे प्राध्यापक होते, त्यांनी परीक्षेत ओयदिपौसवर प्रश्न काढला आणि उत्तरं वाचून ते इतके हताश झाले की 1966 मधे त्यांनी त्यावर एक लेखच लिहिला, या नाटकाबद्दलच्या गैरसमजांवर. एक गठ्ठा मुलांनी लिहिलेलं, नायकात दोष होता म्हणून शिक्षा झाली. दुसऱ्यांनी लिहिलेलं, सगळं नशिबाच्या हातातलं बाहुलं. डॉड्सनी दोन्ही खोडलं. ऑक्सफर्डमधे ही गत, तर आपल्याकडच्या गाइडवाल्यांना काय बोलायचं.

त्या वर्गातल्या मुलांचं फार मनावर घेऊ नकोस. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाव घेतात का ती? त्याने स्वतःच्या रंगभूमीला ॲरिस्टॉटलविरोधी म्हणवून घेतलं, प्रेक्षकाने वाहून जाऊ नये म्हणून. आपल्याकडे अजब न्याय वर्तुळाचा, तीन पैशाचा तमाशा ही त्याचीच नाटकं मराठीत आली. आता ज्याच्याशी भांडायचं तो माणूस माहीत नसेल तर भांडण काय कळणार, असं विचारून बघ, गप्प बसतील, नाहीतर चहा पाजतील.

घरच्यांचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एम.ए. करून नोकरी कुठे हा प्रश्न खरा आहे आणि नाटकाच्या प्रेमावर मेस चालत नाही. पण तू अर्ध्या वर्षात आहेस, हे वर्ष सोडून काय हाती येणार ते मला दिसत नाही. पदवी पूर्ण कर, सेट-नेटचा अभ्यास याच पेपरातून बराचसा होतो, आणि ज्या दिवशी स्पर्धा परीक्षेचं खरंच मनात येईल त्या दिवशी ती कर, सरांच्या एका शेऱ्यामुळे करू नकोस. बाबांना फोनवर एवढं सांग, परीक्षेची तारीख सांग, मधला एक मार्कांचा आकडाही सांगून टाक, लपवू नकोस.

गाइडमधलं की स्वतःचं, तर माझं उत्तर अगदी बनियागिरीचं आहे. तपासणाऱ्याच्या हातात शेकडो पेपर असतात, त्याला जे शब्द दिसायला हवेत ते पहिल्या अर्ध्या पानात देऊन टाक, व्याख्या, शोकात्मिकेचे सहा घटक, जे काय असेल ते, नीट अक्षरात. मग ‘मात्र’ म्हणून स्वतःचं सुरू कर, आणि प्रत्येक ‘मला वाटतं’च्या खाली एक प्रसंग ठेव, अंक कितवा, कोण काय म्हणतं. तुझ्या त्या अंगठीच्या उत्तरात नुसतं मत होतं असा माझा अंदाज आहे. प्रसंग असता तर 8 देणं सरांना जड गेलं असतं.

तर अंगठी. सोळाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल ओळख पटण्याचे प्रकार लावतो आणि खुणेवरून, दागिन्यावरून पटलेली ओळख सगळ्यात खालची धरतो, त्याच्या मते कवीला दुसरं काही सुचलं नाही की असं करतात. तू हे अंगठीला लावलंस. लावायला माझी काही हरकत नाही, पण मग पूर्ण नाटकाला लाव ना. आधी हे बघ की महाभारतात, आदिपर्वात, अंगठी नाहीच, शापही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवतंय आणि तो चक्क नाकारतो, मग आकाशवाणी होते. अंगठी आणि राजाला विसर पाडणारा दुर्वासाचा शाप, दोन्ही कालिदासाने मुद्दाम आणले, म्हणजे ‘दुसरं काही सुचलं नाही’ हे इथे चालणार नाही. मग पाचवा अंक वाच. भर दरबारात शकुंतला म्हणते थांबा, खूण दाखवते, बोटाकडे हात नेते आणि बोट मोकळं! शचीतीर्थाला वंदन करताना पाण्यात पडली. मग ती काय करते? आठवण सांगते, दीर्घापांग नावाचं ते हरणाचं पिल्लू, तुमच्या हातून पाणी पीत नव्हतं, माझ्या हातून प्यालं. म्हणजे खूण हरली, आठवणही हरली, आणि तो वर बायकांच्या लबाडीवर ऐकवतो. पुढे अंगठी मिळते ती सहाव्या अंकात, माशाच्या पोटातून, कोळ्याला शिपायांनी बडवून झाल्यावर, आणि राजाला सगळं आठवतं तेव्हा ती तिथे नाहीच. खूण वेळेवर कामाला येत नाही, कामाला येते तेव्हा उपयोग नसतो. (1880 ला किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल आणलं तेव्हा पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले, म्हणजे त्या रात्री लोक अंगठी हरवल्याचं न बघताच घरी गेले, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.)

आणि सातव्या अंकात ओळख कशाने पटते ते मोज, इथे खुशाल मोज. शकुंतलेच्या मुलाच्या हातावरची चक्रवर्तीची लक्षणं, मग पुरुवंशाचा उल्लेख, मग तापसी मातीचा मोर दाखवून म्हणते ‘शकुंतलावण्य बघ’, म्हणजे पक्ष्याचं सौंदर्य, आणि पोराला ऐकू येतं आईचं नाव, तो इकडे तिकडे बघतो, कुठे आहे माझी आई? मग हातातून गळालेला ताईत राजा उचलतो आणि तापसी दचकतात, कारण आईबाप सोडून कुणी उचलला तर त्याचा साप होतो. एकामागून एक, घटनेतून घटना, ॲरिस्टॉटलला आवडावं असंच. तुझ्या सरांच्या समाधानासाठी इथेच भरतालाही बसव, नाटकाच्या शेवटी, निर्वहण संधीत, अद्भुत रस हवा असं नाट्यशास्त्र सांगतं, आणि तो ताईत दुसरं काय आहे? एकाच प्रसंगाला दोघं लावून दाखव, मग ‘लावू नये’ म्हणायला जागा राहत नाही. सरांकडे हे मार्क वाढवून मागायला नको नेऊस, नुसतं दाखवायला ने. त्यांच्या शेऱ्यात थोडं तथ्य आहेच, संस्कृत नाटक शोकात्मिकेच्या मापाने मोजलं की बिचारं कायम नापास होतं, त्यांना बहुतेक तेच म्हणायचं असेल.

जाताना एक जागा दाखवते, तुझ्या उत्तरात ही नव्हती हे पैजेवर सांगते. ओळख पटली, रडून झालं, आणि राजा ती अंगठी काढून तिच्या बोटात घालायला जातो. शकुंतला म्हणते, नको, माझा तिच्यावर विश्वास नाही, तुमच्याच बोटात राहू दे. कच्ची खूण, हे तू इंटर्नलला लिहिलंस ना, ते नाटकातच, तिच्याच तोंडी आहे. अंक सातवा, संवाद प्राकृतात आहे, खालची संस्कृत छाया बघून उतरव, आणि सेमिस्टरच्या पेपरात तिथूनच सुरुवात कर.